देवळाबाहेर थांबलेले साने गुरुजी

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. त्या दिवशी आमच्या बाईंनी सांगितले की भित्तीपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणा. वर्गात बऱ्याच जणांनी शिवाजी महाराज घेतले. कुणी लोकमान्य टिळक घेतले, कुणी सावित्रीबाई फुले घेतल्या. मी साने गुरुजी घेतले. का घेतले ते आधी सांगत नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, ती पुढे सांगीन.

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने असे होते. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात पालगड या गावी झाला. हे गाव दापोली तालुक्यात आहे. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदाबाई. घर पूर्वी सुखवस्तू होते, पण नंतर गरिबी आली. आई फार प्रेमळ होती. पण प्रेमळ म्हणजे लाडच करणारी नव्हे. चुकलं तर ती रागवायची, आणि मग जवळ घेऊन समजावून सांगायची.

गुरुजींनी आपल्या आईच्या आठवणींवर ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. बाईंनी त्यातल्या दोन गोष्टी आम्हाला सांगितल्या. त्या मला फार आवडल्या म्हणून इथे लिहिते.

पहिली गोष्ट पोहण्याची. गावातली मुलं विहिरीत पोहायला शिकत होती. श्यामला पाण्याची भीती वाटायची. तो घरात लपून बसला. आईने त्याला शोधून काढलं, शिंपटीने मारलं आणि विहिरीवर पाठवलं. शेवटी त्याने उडी मारली. आईला त्याला मारायची हौस नव्हती. आपला मुलगा भित्रा राहू नये असं तिला वाटत होतं.

दुसरी गोष्ट मोळीची. एक म्हातारी बाई रस्त्यात बसली होती. तिची लाकडांची मोळी खाली पडली होती आणि तिला ती एकटीला डोक्यावर घेता येत नव्हती. पण तिला कुणी हात लावीत नव्हतं, कारण त्या काळी काही जातींच्या माणसांना अस्पृश्य म्हणत आणि त्यांना शिवत नसत. श्यामच्या आईने ते पाहिलं. तिने श्यामला पाठवलं आणि मोळी तिच्या डोक्यावर द्यायला सांगितली. श्याम गेला आणि त्याने मोळी उचलून दिली.

बाईंनी आम्हाला विचारलं की या दोन्ही गोष्टींत सारखं काय आहे. कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही आलं. आता मला वाटतं की ते कळलं आहे. दोन्ही वेळा श्यामला पहिल्यांदा भीती वाटली असणार. विहिरीला पाण्याची आणि मोळीला लोकांची.

गुरुजींचं शिक्षण फार हालात झालं. दापोलीला, औंधला आणि पुण्याला राहून ते शिकले. १९१७ साली त्यांची आई वारली. तेव्हा ते आईजवळ नव्हते. याचं दुःख त्यांना जन्मभर झालं. पण ते शिकत राहिले आणि एम. ए. झाले.

मग १९२४ साली ते खानदेशात अमळनेर येथे शाळेत शिक्षक झाले. तिथे परगावची मुलं छात्रालयात राहत. गुरुजी त्या छात्रालयाचेही काम बघायचे. मुलांनी खोलीत पसारा केला तर ते ओरडत नसत. मुलं शाळेत गेल्यावर स्वतः खोली झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. मुलं परत आली की लाजायची आणि दुसऱ्या दिवसापासून आपली आपण कामं करायची. मुलांसाठी गुरुजी रोज हाताने लिहून एक ‘छात्रालय’ दैनिक काढत. म्हणजे आपल्या भित्तीपत्रकासारखंच! पण आपण महिन्यातून एकदा काढतो आणि तेवढ्यातच आपले हात दुखतात. ते तर रोज लिहीत.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. त्यांना कितीतरी वेळा तुरुंगवास झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ते सगळं गुरुजींनी लिहून घेतलं. पुढे त्याचे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. अवघ्या पाच दिवसांत लिहिली! पुढे आचार्य अत्रे यांनी त्या गोष्टीवर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण तेव्हा गुरुजी हयात नव्हते.

आता मी मुख्य गोष्ट सांगते.

आमच्या गावाहून पंढरपूर एस.टी.ने दीड तासावर आहे. माझी आजी माळकरी आहे. ती दर कार्तिकीला जाते. मागच्या वर्षी तिने मला नेलं होतं. देवळाच्या महाद्वारापाशी नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर रस्त्याच्या बाजूला चोखोबांची समाधी आहे. आजीने मला आधी तिथे डोकं टेकवायला लावलं. चोखोबा विठ्ठलाचे मोठे भक्त होते. त्यांनी अभंग रचले. पण त्यांना देवळात जाऊ देत नसत, कारण ते त्या वेळच्या अस्पृश्य जातीत जन्मले होते. म्हणून ते बाहेरूनच देवाला हाक मारायचे. त्या दिवशी मी हे ऐकलं खरं, पण माझं सगळं लक्ष चुरमुऱ्यांकडे होतं.

चोखोबा १३३८ साली वारले. त्यानंतर सहाशे वर्षं झाली तरी त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या पायाशी जाता येत नव्हतं. सहाशे वर्षं म्हणजे किती, ते मी वहीवर मोजून पाहिलं. एका माणसाची साठ वर्षं धरली तर एकामागून एक दहा माणसांचं आयुष्य होतं. एवढी माणसं चालत चालत पंढरीला आली आणि बाहेरूनच परत गेली.

ज्यांच्यावर हा अन्याय होत होता ते काही गप्प बसले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं आणि हजारो लोकांना त्यांचा हक्क सांगितला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो कितीतरी वर्षं चालला. म्हणजे बोलणारे बोलत होते. पण ज्यांच्यासाठी देवळाचं दार उघडं होतं, त्यांतले पुष्कळ लोक आत जाऊन दर्शन घेऊन गपचूप घरी जात होते.

साने गुरुजींना देवळात जायला कुणाचीच बंदी नव्हती. त्यांचं तर नावसुद्धा पांडुरंग. ते सरळ आत जाऊन पाया पडू शकले असते. पण त्यांना वाटलं की माझे भाऊ बाहेर उभे असताना मी आत कसा जाऊ? १९४६ साली त्यांनी ठरवलं की पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून आपण उपोषण करायचं. पण मग असं ठरलं की आधी लोकांना समजावून सांगावं. म्हणून ते काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. बरोबर सेनापती बापट होते. सेवा दलाची मुलं गाणी म्हणायची आणि गुरुजी भाषण करायचे. त्यांचं ऐकून कितीतरी गावांनी आपली देवळं आणि पाणवठे सर्वांना खुले केले.

तरी पंढरपूरचं दार उघडलं नाही. मग १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. मे महिन्यात आमच्याकडे कसलं ऊन असतं ते तुम्हाला माहीत आहे. अशा उन्हात ते अन्नावाचून पडून राहिले. त्यांना विरोध करणारे लोकही होते. पण त्यांनी कुणाला शिवी दिली नाही की कुणाचं वाईट चिंतलं नाही. शेवटी देऊळ सर्वांना खुलं करायचं मान्य झालं आणि १० मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडलं.

बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या पोटात कसंतरी होत होतं. का ते आता सांगते.

दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ते लोक रानात कोप्या करून राहतात. पहाटे अंधारात उठून ऊस तोडायला जातात. त्यांच्यातली एक मुलगी आमच्या वर्गात आली. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारल्याशिवाय लिहू नये असं बाई म्हणाल्या. ती बीड जिल्ह्यातून आली आहे. तिचं बोलणं थोडं वेगळं आहे. पाढे मात्र तिला एकोणतीसपर्यंत येतात, मला पंचवीसपर्यंतच येतात.

पहिले चार दिवस सगळं ठीक होतं. मग आमच्यातल्या काही पोरी म्हणू लागल्या की तिच्या अंगाला वास येतो, तिला खिचडीच्या पंगतीत शेवटी बसवा. ती शेवटी बसू लागली. त्या आठवड्यात माठातलं पाणी द्यायची पाळी माझी होती. ओगराळं माझ्या हातात होतं. ती पाण्याला आली आणि तिने पेल्याला हात लावला. तेवढ्यात माझी मैत्रीण म्हणाली की तिला पेला देऊ नको, वरून ओत. मला ते बरं वाटलं नाही. पण मैत्रीण रागावेल म्हणून मी वरून ओतलं. तिने ओंजळ धरली आणि पाणी प्याली. थोडं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. ती काहीच बोलली नाही. रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरून प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन आली. त्यानंतर ती माठाजवळ आलीच नाही. दुपारपर्यंत बाटली संपायची. मी रोज बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची.

साने गुरुजींची गोष्ट ऐकून मी घरी गेले आणि आजीला विचारलं की पूर्वी लोक पाणी वरून का ओतायचे. आजी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली की तिच्या आईच्या काळी गावात तसंच चालायचं. विहिरीवर काही बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर तो त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायचा. मग आजीने मला विचारलं की तुला हे कुणी सांगितलं. मी म्हटलं, पुस्तकात आहे. मी आजीशी खोटं बोलले.

रात्री मला झोप येईना. मी ठरवलं की आपणही उपोषण करायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी खिचडी घेतली नाही. भूक तर लई लागली होती, कारण त्या दिवशी खिचडीत वाटाणे होते. बाईंनी विचारलं की पोट दुखतंय का. मी मान हलवली आणि एकदम रडायलाच लागले. मग मी बाईंना सगळं सांगितलं. ओगराळं माझ्याच हातात होतं हेही सांगितलं.

मला वाटलं बाई मारतील. त्यांनी मारलं नाही. त्यांनी आधी मला खिचडी खायला लावली. उपोषण हे लहान मुलांचं काम नाही, लहान मुलांना तोंड आहे ते बोलायला आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि त्या असंही म्हणाल्या की मी रोज वर्गात असून ती बाटली कशासाठी आणते हे माझ्या ध्यानात आलं नाही, म्हणजे माझंही चुकलं. मोठी माणसं चूक कबूल करतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर बाईंनी कुणाचंही नाव न घेता वर्गात एक खेळ घेतला. एकाने दुसऱ्याला लोटायचं आणि तिसऱ्याने बोलायचं. पहिल्यांदा सगळे तिसरे नुसते उभेच राहिले! आम्ही आपलेच आपल्याला हसलो. मग बाईंनी शिकवलं. एक, ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, तो एकटा आहे असं त्याला वाटू द्यायचं नाही. दोन, शिवी न देता, मारामारी न करता, हे बरोबर नाही असं स्पष्ट म्हणायचं. तीन, आपलं ऐकलं नाही तर मोठ्या माणसाला सांगायचं. ही चहाडी नव्हे. चहाडी दुसऱ्याला मार बसावा म्हणून करतात, आणि हे दुसऱ्याचा त्रास थांबावा म्हणून सांगायचं. चार, जो चुकला त्याच्याशी वैर धरायचं नाही, कारण उद्या तोच आपल्याबरोबर उभा राहील.

हा खेळ आम्ही तीन दिवस खेळलो. खेळात बोलणं सोपं असतं. खरंच बोलायची वेळ आली तेव्हा माझे पाय कापत होते.

चौथ्या दिवशी मीच तिच्याकडे गेले आणि म्हटलं, चल, माठातलं गार पाणी पी. ती नको म्हणाली. मी तिचा हात धरून आणलं. माझी मैत्रीण तिथे होती. ती पुन्हा म्हणाली, वरून ओत. मला विहिरीच्या काठावर उभा असलेला श्याम आठवला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, नाही, ती पेल्यानेच पिणार, मी तेव्हा ओतलं ते चुकलं. माझा आवाज इतका बारीक आला की मला वाटलं कुणाला ऐकूच गेलं नसेल. पण सगळ्यांना ऐकू गेलं. मी पेला भरून तिच्या हातात दिला. ती प्याली. मग त्याच पेल्याने मी प्याले.

माझी मैत्रीण चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ते चार दिवस मला फार कठीण गेले. मधल्या सुट्टीत मी आणि ती नवी मुलगी दोघीच खेळायचो. ती सागरगोट्यांत इतकी हुशार आहे की तिला कुणी हरवू शकत नाही. पाचव्या दिवशी माझी मैत्रीण लांब उभी राहून बघत होती. आम्ही तिला बोलावलं. ती आली. ती तोंडाने काही म्हणाली नाही, पण पाणी प्यायला तिघी मिळूनच गेलो.

मी आजीलाही खरं सांगितलं. आजीने मला जवळ घेतलं. ती म्हणाली, आता पुढच्या कार्तिकीला चोखोबापाशी डोकं टेकवशील तेव्हा तुझं लक्ष चुरमुऱ्यांकडे नसेल.

गुरुजींचं राहिलेलं चरित्र आता पुरं करते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केलं. निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांवर प्रेम करावं, असं त्यांना वाटे. त्याला ते आंतरभारती म्हणत. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणं आता गुन्हा आहे. त्याच वर्षी ११ जून १९५० रोजी साने गुरुजी वारले. त्यांनी मुलांसाठी खूप गोष्टी लिहून ठेवल्या. त्यांची प्रार्थना आम्ही परिपाठात म्हणतो. आधी मी ती नुसती पाठ म्हणायची. आता म्हणताना मला माठ आठवतो.

कायदा झाला तरी आमच्या शाळेतल्या माठापाशी कायदा आपण होऊन आला नाही. तिथे कुणीतरी बोलावं लागलं. मी उशिरा बोलले. तुम्ही इतका उशीर लावू नका.

कारखान्याचा पट्टा पडला की ती तिच्या गावाला परत जाईल. तिथल्या शाळेत तिला पेला मिळेलच. पण पुढच्या साली तिची टोळी दुसऱ्या कुठल्या कारखान्याला गेली आणि ती दुसऱ्या कुठल्या वर्गात बसली, तर तिथेही कुणीतरी बोलणारं असावं असं मला वाटतं.

हा लेख मी तिला वाचून दाखवला. नाव न लिहिल्याबद्दल ती हसली. खालचे पंढरपूरच्या देवळाचे चित्र तिनेच काढले आहे. तिने दार उघडे काढले आहे.



— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी